पद रिकामं असेल तर

आमच्या ऑफिसात तिला सगळे पुन्हाबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, माघारी म्हणतात, आणि नवीन लागलेला माणूस तर आठवडाभर हेच तिचं आडनाव समजतो. कारण कोणतंही काम संपलं की ती म्हणते, "पुन्हा एकदा बघू." कुलूप लावून जिना उतरते, पुन्हा चढते, कुलूप ओढून बघते. बसचं तिकीट पर्समध्ये ठेवते, पर्स उघडून तिकीट आहे ना ते बघते. एकदा जेवायच्या सुट्टीत डब्याचं झाकण नीट बसलं होतं का ते बघत बसली. अगं बाई, आता उघडलासच ना डबा, म्हटलं मी. तरी बघितलंनच.

नऊ वर्षं मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसते. मी टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोड काढणारी. माझ्या स्वभावाला याहून साजेसं काम जगात नसेल असं माझी आई म्हणायची. पुन्हाबाईवर मी नऊ वर्षांत जितकी खेकसले असेन तितकी घरच्यांवरही खेकसलेली नाही. ती ऐकून घेते, मान हलवते आणि पुन्हा बघते. शिवाय बसत नाही. टेबल पोटापर्यंत उंच करून उभ्याने काम करते, खुर्चीवर तिची पर्स बसते. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तो म्हणतो की दिवसभर लिफ्ट होत नाहीत तितक्या वेळा ही घरात वर-खाली होते.

ती आधी एका कापडाच्या कारखान्यात रजेची वही सांभाळायची. तिथे तिचं एक लाकडी टेबल होतं आणि टेबलासमोर कायम दोन-चार माणसं उभी. कोणाची बायको बाळंत व्हायची होती, कोणाच्या भावाचं लग्न होतं, कोणाला नुसतंच दोन दिवस झोपायचं होतं. पुन्हाबाई वहीत लिहायची, साहेबांकडे न्यायची, सही आणायची. सही मिळाली नाही तर ते तोंडावर सांगायलाही तीच. एकदा एका मशीनवाल्याने तिच्या टेबलावर हात आपटून दौत सांडली होती. ती गोष्ट ती इतक्या वेळा सांगते की मला त्या मशीनवाल्याचा चेहरा पाठ झालाय. पुढे वह्या गेल्या, कॉम्प्युटर आले, कारखानाच बंद पडला. ती शिकली, धडपडली आणि आमच्याकडे लागली. समोर माणसं उभी राहायची मात्र बंद झाली.

आमचं काम सांगायला सोपं आहे. मोठ्या संस्थांमध्ये कोण कधी लागला, कोणाची किती रजा शिल्लक आहे, कोणाचा साहेब कोण, हे सगळं आता एका सॉफ्टवेअरमध्ये असतं, आणि ते सॉफ्टवेअर इंटरनेटवर दूर कुठेतरी चालतं. त्याच्या तीन प्रती असतात. पहिलीत आम्ही वाटेल ती मोडतोड करतो. दुसरी तपासणीची. तिसरी खरी, तिला आम्ही लाइव्ह म्हणतो. तिथे खरी माणसं रोज सकाळी हजेरी लावतात आणि रजा टाकतात. नवा नियम पहिलीत करायचा, माझ्यासारखीने तो दुसरीत छळून बघायचा, आणि मग सगळ्या बदलांचं एक पॅकेज बांधून ते तिसरीत हलवायचं. हलवायचं काम पुन्हाबाईचं. घर बदलताना सामान बांधतो तसंच ते असतं. कपाट नेलं आणि चावी मागे राहिली तर पंचाईत, आणि कपाटाच्या खणात काय राहिलंय हे न बघता नेलं तरी पंचाईत. नऊ वर्षांत तिच्या पॅकेजमधून एकदाही चावी मागे राहिलेली नाही.

आमची एक गिऱ्हाईक संस्था म्हणजे एक भलंमोठं हॉस्पिटल. त्यांच्या नर्सेस कॉम्प्युटरवर रजा टाकतात आणि ती त्या मजल्याच्या मुख्य सिस्टरकडे मंजुरीला जाते. त्यांना एक छोटासा बदल हवा होता: मुख्य सिस्टरचं पद रिकामं असेल तर रजा कोणाकडे जावी, यासाठी नियमात एक जास्तीची ओळ. आम्ही ती केली. तपासणीच्या प्रतीत त्या ओळीत कोणाचं तरी नाव घालणं भाग होतं, म्हणून पुन्हाबाईने स्वतःचं घातलं. यात नवल काहीच नाही. तपासणीच्या प्रतीत सगळी पत्रं, सगळ्या मंजुऱ्या तिच्याकडेच जातात, म्हणजे चुकून खऱ्या माणसाला काही पोचायला नको. मी तिला खोट्या नावांनी तीसेक रजा पाठवल्या. रजेचं कारण लिहायच्या जागी मी नेहमी काहीतरी पाचकळ लिहिते, नाहीतर दिवस सरत नाही. 'मांजराला दाढदुखी.' 'चंद्रावर जाऊन येते.' 'साहेबांचं तोंड बघवत नाही.' सगळ्या रजा बिनबोभाट तिच्याकडे पोचल्या, तिने मंजूर केल्या, मी बरोबरची खूण केली.

मग तिने पॅकेज बांधलं, आणि पुन्हा बघितलं, आणि पुन्हा. तीनदा बघितलं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ती ओळ तिने तीनदा वाचली असणार आणि तीनदा तिला ती बरोबर वाटली असणार, कारण तिथे तिचंच नाव होतं. रोज जिथे तिथे आपलं नाव वाचायची सवय झालेल्या बाईला ते खटकणार कसं? मलाही खटकलं नाही, आणि माझं तर कामच खटकण्याचं. रविवारी सकाळी सात वाजता, हॉस्पिटलात गर्दी कमी असते तेव्हा, तिने पॅकेज हलवलं. खऱ्या प्रतीत. नावासकट.

त्याच दिवशी हॉस्पिटलच्या सहाव्या मजल्याची मुख्य सिस्टर दुसऱ्या शाखेत गेली आणि पद रिकामं झालं.

कळलं ते अकराव्या दिवशी, गुरुवारी दुपारी. मेलबॉक्स भरलेत, रिकामे करा, असं ऑफिसातून फर्मान निघालं होतं. पुन्हाबाईने काही वर्षांपूर्वी एक सोय करून ठेवली होती: त्या सॉफ्टवेअरकडून येणारं प्रत्येक पत्र परस्पर 'टेस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये जायचं. दिवसाला शंभर खोटी पत्रं कोण वाचणार? त्या दिवशी ते फोल्डर एका झटक्यात पुसून टाकायचं होतं. दुसरी कोणी असती तर पुसून मोकळी झाली असती. ती पुसायच्या आधी वाचत बसली.

"अगं," ती मला म्हणाली, "ही रजा तू टाकलीयस का? 'वडिलांना विसर पडायला लागलाय. अजून माझं नाव घेतात. चार दिवस मिळावेत.'" मग हसली. "या वेळी बरं लिहिलंयस. मांजर नाही, चंद्र नाही."

"मी नाही लिहिलं," मी म्हटलं.

"तूच लिहितेस की."

"मी वडिलांवरून कशाला लिहीन? नाव कोणाचं आहे?"

तपासणीच्या प्रतीत सगळ्यांची नावं झाकलेली असतात, कर्मचारी एक, कर्मचारी दोन अशी. या पत्रावर पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. पुन्हाबाईचा हात माऊसवर तसाच राहिला. मी उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिले. खाली तसल्याच आणखी होत्या. नऊ जणींच्या मिळून एकोणीस रजा, सगळ्या सहाव्या मजल्याच्या, सगळ्यांपुढे 'मंजुरी बाकी', आणि मंजूर करणाऱ्याच्या जागी तिचं नाव.

त्यातल्या चार त्या एकाच सिस्टरच्या होत्या. पहिली मी सांगितलीच. तीन दिवसांनी दुसरी: 'वडील रोज माझी चौकशी करतात असं आत्या सांगते. तीन दिवस मिळाले तरी चालतील.' तिसरी: 'दोन दिवस. बदली सिस्टर मी स्वतः शोधली आहे.' आणि चौथी कालची, उद्याच्या तारखेची: 'एक दिवस. पहाटे निघून संध्याकाळी परत येते. ते ओळखतात तोवर एकदा भेटायचंय.'

ती बाई अकरा दिवस भाव कमी करत होती आणि समोर कोणीच नव्हतं. पुन्हाबाई दोन वेळा पाण्याच्या नळापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा पाणी न पिताच परत आली. मग मॅनेजरांच्या काचेच्या खोलीत गेली. मी मागोमाग, कारण बरोबरची खूण माझी होती.

आमचे मॅनेजर वाईट माणूस नाहीत. डोकं थंड ठेवून बोलतात, फक्त त्यांचं ते थंड डोकं मला सहन होत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघा, रविवारपर्यंत लाइव्हमध्ये बदल बंद आहेत. आज दुरुस्ती करा, उद्या तपासा, रविवारी सकाळी हलवा. ती ओळ दुरुस्त झाली की अडकलेल्या रजा आपोआप रद्द होतील आणि सगळ्यांना पत्र जाईल, पुन्हा अर्ज करा म्हणून."

"एका सिस्टरची रजा उद्याची आहे, सर," पुन्हाबाई म्हणाली.

"ते माझ्या लक्षात आलं. दुर्दैव आहे."

"लाइव्हमध्ये मला मंजुरीचं बटण दिसतंय."

"दिसू दे." त्यांनी चष्मा काढला. "गिऱ्हाइकाच्या माणसांच्या रजा आपण मंजूर करत नसतो. तुम्ही तसं लिहून दिलंय, मीही दिलंय. लाइव्हमध्ये कोणी कशाला हात लावला हे कायमचं नोंदलं जातं. तुमच्या नावाने एक जरी मंजुरी दिसली, तरी मला तुमचा लाइव्हचा प्रवेश काढून घ्यावा लागेल. कदाचित त्यापुढेही जावं लागेल. हात लावू नका."

खरं सांगते, त्या वेळी मलाही त्यांचंच पटलं. बाहेर आल्यावर मी तिला तेच सांगितलं. झालं ते झालं, रविवारी दुरुस्त होईल, कोणाला पत्ताही लागणार नाही, तू कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेस? ती म्हणाली, "हो, बरोबर आहे." आणि फोन उचलून हॉस्पिटलच्या ऑफिसला लावला.

तिथल्या बाईंनी शांतपणे नाव शोधलं. "हो, रजा दिसतेय. मंजुरी बाकी आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांनी मंजूर केली की झालं." ज्यांच्याकडे आहे ती मीच, असं पुन्हाबाईने सांगितलं. "तुम्ही? पण तुम्ही आमच्या नाही ना?" नाही. "मग मला त्यांच्याऐवजी करता येत नाही. तुम्ही सपोर्टला लिहा." सपोर्ट म्हणजे आम्हीच. माझं डोकं असं सणकलं की मी तिच्या हातातून फोनच घेणार होते, पण तिने नीट आभार मानून ठेवला.

मग तिने पर्स उचलली. साडेतीन वाजले होते. "जाऊन येते," म्हणाली.

"कुठे?"

"सहाव्या मजल्यावर."

"आणि तिथे जाऊन काय दिवे लावणार?"

"माहीत नाही. पण माणूस टेबलासमोर येऊन उभा राहिला तर मी अकरा दिवस खाली मान घालून बसले असते का गं?"

मी शिव्या पुटपुटत माझी पिशवी घेतली.

बसमध्ये रिकामी जागा असूनही ती दांडा धरून उभी. नवऱ्याचा फोन आला. मी शेजारीच बसले होते, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू येत होतं. उशीर होईल, हॉस्पिटलात चाललेय, असं तिने सांगितल्यावर तो घाबरला. "काय झालं तुला?"

"मला काही झालं नाही. मी करून ठेवलंय." तिने चार वाक्यांत सगळं सांगितलं.

पलीकडून खडखड ऐकू येत होती, तो कुठल्यातरी इमारतीत कामावर असावा. मग म्हणाला, "लिफ्ट अडकली की मी आधी आतल्या माणसाशी बोलतो. दुरुस्ती मग. तू जा. जेवणाचं मी बघतो." फोन ठेवल्यावर ती दोन थांबे आधीच दाराशी जाऊन उभी राहिली.

सहाव्या मजल्यावर लांबलचक पॅसेज होता, दोन्हीकडे खोल्या, आणि मध्ये एक अर्धगोल टेबल. टेबलामागे मुख्य सिस्टरचं पद भरेपर्यंतची हंगामी इन्चार्ज सिस्टर बसली होती, पन्नाशीची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पुन्हाबाईने स्वतःचं नाव सांगितलं. इन्चार्जबाईंनी ते ओळखलं. कसं नाही ओळखणार, अकरा दिवस त्या मजल्यावरच्या प्रत्येक पडद्यावर तेच नाव होतं.

"तुम्ही होय त्या?" त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं वरच्या ऑफिसात कोणी नवीन साहेबीण आलीय. फार कडक आहे, कोणाला सोडतच नाही."

"मी कोणीच नाही इथली. माझ्या हातून चूक झालीय." तिने सगळं सांगितलं. सॉफ्टवेअरचं नाव पुढे केलं नाही, 'सिस्टिममध्ये गडबड झाली' असं काही म्हटलं नाही. माझं नाव तर घेतलंच नाही. मी आपली भिंतीला टेकून उभी. मग तिने विचारलं, "त्या सिस्टरना चार दिवस सोडलं तर तुमची अडचण होईल का?"

"चार दिवसांची बदली मी पहिल्याच दिवशी कागदावर लावून ठेवलीय. पण रजा मंजूर झाल्याशिवाय ड्युटीचा तक्ता बदलत नाही हो. कॉम्प्युटर घेतच नाही." त्यांनी खरंच एक घडी घातलेला कागद काढून दाखवला.

ती सिस्टर एका खोलीत कोणाचं तरी सलाइन बदलत होती. बाहेर आली तेव्हा हातात रिकामी बाटली होती. तिशीची असेल. इन्चार्जबाईंनी ओळख करून दिली आणि तिने पुन्हाबाईकडे असं बघितलं की मीच मान खाली घातली.

"चार वेळा मागितली मी," ती म्हणाली.

"हो."

"वाचल्यात का तुम्ही?"

"वाचल्या. आज वाचल्या."

"आज." तिने बाटली टेबलावर ठेवली. "एकदा तोंडाने नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते. नाहीतर नोकरीला लाथ मारून गेले असते. नाही म्हणणाऱ्याचं काहीतरी करता येतं हो. मी रोज ड्युटी संपली की कॉम्प्युटर उघडून बघायचे. बाकी. बाकी. बाकी. वाटायचं, आज नाही तर उद्या होईल, कोणीतरी विचार करतंय."

पुन्हाबाईला रडू आलं. ते तिने लपवलं नाही, पुसत बसली नाही. "मला क्षमा करा असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "उद्याची एका दिवसाची रजा मी मंजूर करू शकते. पण जुन्या चार दिवसांच्या तारखा उलटून गेल्यात. तुम्ही आत्ता नवी रजा टाका. उद्यापासून चार दिवस. इथे, माझ्यासमोर."

सिस्टरने एकदा इन्चार्जबाईंकडे बघितलं आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरपुढे बसली. आधीची एक दिवसाची रजा मागे घेतली. नवी लिहायला लागली. कारणाच्या जागी तिची बोटं थांबली, मग तिने फक्त 'वडील' असं लिहिलं आणि पाठवलं. पुन्हाबाईच्या हातातला फोन थरथरला. तिने उघडलं, नाव बघितलं, तारखा बघितल्या. मला वाटलं आता म्हणेल, पुन्हा एकदा बघू. मला तर वाटतच होतं की तिने हात आखडावा. तिची नोकरी माझ्या डोळ्यांसमोर जात होती. माझ्या तोंडातून "अगं" एवढं निघालंसुद्धा. तिने बटण दाबलं.

सिस्टरच्या पडद्यावर 'मंजूर' असं आलं आणि लगेच ड्युटीच्या तक्त्यात तिची चार घरं रिकामी झाली. दहा सेकंदही लागले नसतील.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

ती उठली, बाटली उचलून योग्य त्या डब्यात टाकली आणि आत कपडे बदलायला गेली. बस पाच तासांची होती, सहाला सुटायची. जाताना तिने पुन्हाबाईचा फोन नंबर मात्र मागून घेतला. कशाला ते आम्हाला कळलं नाही.

त्यानंतर पुन्हाबाई आणि इन्चार्जबाई बाकीच्या पंधरा रजा घेऊन बसल्या. त्यातल्या अकरा रजांच्या तारखा उलटल्या होत्या. एकीच्या मुलाचा शाळेतला कार्यक्रम होता, एकीला घर बदलायचं होतं, एकीने कारणच लिहिलं नव्हतं. त्या अकरांचं काही करण्यासारखं नव्हतं. पुन्हाबाईने त्या टाकणाऱ्या प्रत्येकीचं नाव वहीत लिहून घेतलं आणि ज्या ड्युटीवर होत्या त्यांना जाऊन भेटली. दोघी चांगलं बोलल्या. एकीने तोंड फिरवलं. उरलेल्या चार रजा इन्चार्जबाई वाचून दाखवत गेल्या, हो म्हणत गेल्या, आणि ही बटण दाबत गेली.

शुक्रवारी सकाळी तिनेच मॅनेजरांना जाऊन सांगितलं. नोंद सापडायची वाट बघितली नाही. ते म्हणाले, "मला आधी विचारायला हवं होतं."

"विचारलं होतं, सर."

त्यांना ते आठवलं आणि त्यांनी काचेतून बाहेर बघितलं. मी मध्ये तोंड घातलं. तपासणी माझी होती, खूण माझी होती, काय करायचं ते मलाही करा, असं बरंच काही चढ्या आवाजात बोलले. नको तेही बोलले. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. दुपारपर्यंत तिचा लाइव्हचा प्रवेश बंद झाला. नोकरी गेली नाही. हॉस्पिटलने तक्रार केली नाही, इन्चार्जबाईंनी काहीतरी चांगलं कळवलं असावं. तिला माहितीपुस्तिका लिहायच्या कामाला लावलं. नऊ वर्षं रविवारी सकाळी पॅकेज हलवणारी बाई आता बटणांची चित्रं चिकटवते आणि खाली लिहिते, 'येथे दाबा.' ती ओळ रविवारी दुसऱ्याच कोणीतरी दुरुस्त केली.

त्या चार दिवसांत ती काही धड नव्हती. शनिवारी मला तीनदा फोन केला. पोचली असेल ना गं? बस वेळेवर सुटली असेल ना? ओळखलं असेल का त्यांनी? मला काय ठाऊक! मी म्हटलं, ओळखलं असेल, आपल्या मुलीला कोण विसरतं, आणि बोलता बोलता माझी मलाच लाज वाटली. सोमवारी ती ऑफिसात आली तेव्हा तिने मोबाइल हातातच धरून ठेवला होता, जेवतानासुद्धा. तिचं जेवण झालंच नाही.

मंगळवारी दुपारी फोन आला. पुन्हाबाई उठून खिडकीशी गेली. मी कामात असल्याचं सोंग करत होते. ती फार बोलली नाही. हं, हं, एवढंच. एकदा "आत्या काय म्हणतात?" असं विचारलं. शेवटी "मी ऐकतेय" म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ नुसतीच फोन कानाला लावून उभी राहिली.

फोन संपल्यावर तिने मला सांगितलं. सिस्टर रात्री अकराला पोचली होती. चार दिवस तिने वडिलांना न्हाऊ घातलं, भरवलं, नखं कापली, अंगणात फिरवलं. आत्या म्हणाली की मागच्या आठवड्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ हिच्याच नावाने हाका चालायच्या, ही पोचायच्या चार-पाच दिवस आधी थांबल्या. चारही दिवस ते हिला अहोजाहो करत होते. देखभालीला ठेवलेल्या बाई आहेत असं त्यांना वाटत होतं. निघताना ती पाया पडायला वाकली, तर त्यांनी संकोचून पाय मागे घेतले आणि म्हणाले, तुम्ही फार मायेने करता हो. आमची मुलगीसुद्धा नर्सच आहे. पण तिला सुट्टी मिळत नाही.